तीर्थ पुसण्याबाबत

विषय : अनुग्रह मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराची दर गुरुवारची तोंडी विनंती.

उपरोक्त विषयास अनुसरून वस्तुस्थिती अशी की, अर्जदार श्री. हणमंत आष्टेकर, निवृत्त मुख्याध्यापक, हे वारणाकाठच्या कणेवाडी मठाचे जुने भक्त असून, मठाचे दाजीबुवा यांनी मंत्र देऊन आपल्याला शिष्य करून घ्यावे, अशी त्यांची विनंती आहे. पात्रतेदाखल त्यांनी बुवांच्या पायांची अखंड सेवा हे एकच कारण दिले आहे. त्या कारणाची छाननी झाली, ती अशी :

"माझा कुठला पाय दुखतो, सर?"

बुवांनी विचारले.

पाद्यपूजा नुकतीच आटोपली होती. दूध झाले, मध झाला, पाणी झाले. बुवांचे पाय ताम्हनातून काढून सरांनी स्वतःच्या हाताने लोकरी मोज्यांत घातले होते. आता अर्जाचे काय, एवढेच त्यांनी विचारले होते.

"वय झालं, बुवा... दोन्ही दुखत असतील."

"एकच दुखतो."

"उजवा."

"हे दर्शन, की अंदाज?"

सर ताम्हन उचलू लागले.

खरे म्हणजे ते पाय सरांनी कधी पाहिलेच नव्हते. पूजेला बसले की ते डोळे मिटून घेत. समोर पाय असताना डोळे उघडे ठेवणे त्यांना कोरडेपणाचे वाटे. (शाळेतल्या वह्याही ते अशाच श्रद्धेने तपासत, असे त्यांच्या हाताखालचे मास्तर म्हणत.) मिटल्या डोळ्यांनी ते स्वतः रचलेले चरणस्तोत्र म्हणत. त्यात बुवांची नखे चंद्रकोरीसारखी होती, तळवे कमळासारखे होते आणि टाचा कशासारख्या तरी होत्या, पण तिथे वृत्त जमावे म्हणून जरा ओढाताण झाली होती.

मठाच्या पत्रिकांवर सरांच्या नावाखाली छापलेले असे : चरणसेवक.

"उद्या मिरजेला जायचंय," बुवा म्हणाले. "पायांच्या डॉक्टरीणबाई आहेत म्हणे कुणी. तुम्ही चला बरोबर. डॉक्टरकडे जाताना सेवक असलेला बरा."

दवाखान्यात सरांनी नाव नोंदवायच्या खिडकीशी 'चरणसेवक' अशी आपली ओळख करून दिली. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई मुजावरांनाही दिली. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या. त्यांनी मान हलवली आणि बुवांचा डावा मोजा उतरवला.

डावा.

मोजा सहज निघाला नाही. अंगठ्यापाशी चिकटला होता. बाईंनी कोमट पाणी लावून तो सोडवला, आणि खोलीत वास पसरला. सरांचा रुमाल खिशातून निघाला, नाकाच्या दिशेने अर्धी वाट चालला... आणि पाय कोणाचे आहेत हे आठवून खिशात परतला.

बुवांनी ते पाहिले.

सरांनी प्रथमच चंद्रकोर पाहिली. ती पिवळी होती, म्हशीच्या शिंगासारखी जाड आणि एका अंगाला वळून मांसात घुसलेली. कडेने अंगठा सुजून लाल झाला होता आणि दाबला की पू येत होता. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक, भिजून उललेल्या.

"या चिखल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बुवा, भाताची लावणी करता का?"

"नाही."

"मग उसाला पाणी पाजायला जाता?"

"नाही हो. मलाच पाजतात."

बाईंनी वर पाहिले.

"गुरुवारी पाय धुतात," बुवा म्हणाले. "सणावारी जास्त वेळा."

"आणि पुसतं कोण?"

बुवांनी सरांकडे पाहिले. भिंतीवर पंखा होता, तो तेवढा आवाज करत राहिला.

"पुसत नाहीत," अखेर सर म्हणाले.

"का?"

याचे उत्तर तयार होते. फार सुंदर उत्तर होते. पूर्वी मठात पाय पुसायला एक जुना पंचा असे. तीर्थ पुसणे म्हणजे गंगेला टॉवेल लावणे, असे भर उत्सवात सांगून सरांनीच तो पंचा बंद केला होता. बायकांनी डोळे टिपले होते. तेव्हापासून ओले पाय तसेच मोज्यांत जात. हे सगळे सरांच्या ओठांपर्यंत आले आणि त्या अंगठ्याकडे पाहून तिथेच थांबले.

"...रीत आहे," ते म्हणाले.

"बरं. आणि पाय धुतलेलं पाणी?"

"ते... घेतलं जातं."

"कुठं?"

"म्हणजे... पितात."

"कोण?"

"आधी मी."

डॉक्टरीणबाई सरांकडे वळल्या. "पोट कसं आहे तुमचं, सर?"

बुवांना हसू आले. सरांना वाटले, जमीन दुभंगावी. पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

मग बाई कामाला लागल्या. पाय कोमट पाण्यात ठेवला, नख मऊ होऊ दिले. बारीक पकडीने जाडी उतरवली, कानशीने घासली. अंगठा बधिर केला आणि मांसात रुतलेली नखाची कड हळूच सोडवून काढली. तांदळाच्या कणीएवढा तुकडा होता. तो पांढऱ्या कापसावर ठेवून त्यांनी सरांसमोर धरला.

"हा कोपरा कुणीतरी खोल कोरलाय. नख असं कोरलं की वाढताना आत शिरतं. तुम्ही कोरलात?"

"छे छे, मी तर..." सर म्हणाले. मी तर कधी पाहिलेच नाही, असे पुढचे वाक्य होते. ते त्यांनी गिळले.

"मीच," बुवा म्हणाले. "ब्लेडनं."

"साखर आहे तुम्हाला, बुवा! साखरेच्या माणसानं पायाला ब्लेड लावायचं? दुखत होतं म्हणून आलात, हे नशीब. या आजारात पुढं पुढं दुखायचंच बंद होतं. मग माझ्याकडं नाही, त्या पलीकडच्या खोलीत जावं लागतं. तिथं नख कापत नाहीत, बोट कापतात. कशाला कोरलंत एवढं?"

बुवा जरा घुटमळले.

"लोक डोकं ठेवतात पायावर. नख वर आलं होतं... कुणाच्या कपाळाला लागेल म्हणून."

"लागलं होतं का कुणाला?"

बुवा पंख्याकडे पाहू लागले.

लागले होते. उत्सवाच्या आधी, सरांनाच. चांगला बोटभर ओरखडा उठला होता. सरांनी त्याला औषध लावू दिले नव्हते. गावभर तो मिरवला होता. गुरूने कपाळावर रेघ ओढली, आता अर्ज मंजूर झाल्यातच जमा आहे, असे ते भेटेल त्याला सांगत होते. आणि इकडे मठात, कोणाला दिसू नये म्हणून दार लोटून, म्हातारा माणूस मंद नजरेने पायाला ब्लेड लावत बसला होता.

सरांचा हात आपोआप कपाळावर गेला. तिथे आता काही नव्हते.

"आता ऐका," डॉक्टरीणबाई पट्टी बांधत म्हणाल्या. "पाय धुतला की बेचकीन् बेचकी कोरडी करायची. मोजे सुती, रोज धुतलेले. मलम देते, ते रात्री. घरचं कसलंही औषध नाही, ब्लेड नाही, सुई नाही. नख वाढलं की इथं यायचं, आम्ही सरळ कापून देऊ. आणि पाय रोज बघायचे. तळवा, टाच, बोटं. लाली, फोड, भेग, काहीही दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही. बुवांना वाकून दिसणार नाही. कोण बघणार?"

"आहेत ना," बुवा म्हणाले. "चरणसेवक."

त्यांनी ते साधेच म्हटले. म्हणूनच ते सरांना फार लागले.

परतीच्या वाटेवर रिक्षात दोघे शेजारी बसले होते. सांगली मागे पडल्यावर सर बुवांकडे वळले.

"बुवा... एकदा सांगायचं होतं."

"काय?"

"की पाय दुखतोय."

बुवांनी पट्टीचा पाय जरा पुढे घेतला.

"लाज वाटली."

"तुम्हाला?"

"तुम्ही चंद्रकोर म्हणत होता. चंद्रकोरीला पू होतो, हे कसं सांगायचं?"

"मी मूर्ख होतो, बुवा!"

"ते असेल. पण ऐकायला बरं वाटायचं हो... मला."

सरांनी चमकून पाहिले. बुवा बाहेरच्या उसाकडे पाहत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

पुढच्या गुरुवारी मंडळी जमली. सर उभे राहिले. रात्रभर त्यांनी मनाशी तयारी केली होती आणि तयारी चांगली झाली होती.

"भक्तहो! मी आंधळा होतो. ज्या चरणांची मी सेवा केली, त्यांची वेदना या पाप्याला दिसली नाही. माझ्या अहंकाराने..." इथे त्यांचा आवाज योग्य ठिकाणी भरून आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर हाताशी घेतले.

"सर," बुवा म्हणाले.

"जी, बुवा?"

"पूर्वी तुम्ही पायाचं स्तोत्र म्हणत होता. ते बरं होतं. हे तुमचंच स्तोत्र चाललंय."

कोणीतरी मागे हसले.

सर खाली बसले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. डावा पाय पट्टीमुळे ओला करायचा नव्हता, उजवा जेमतेम पळीभर पाण्याने धुतला. मग पिशवीतून स्वच्छ टॉवेल काढून एकेक बेचकी पुसली. तोंडाने काही म्हटले नाही. म्हणायला गेले तर बोट सुटत होते.

"आणि तीर्थ?" एक आजीबाई वाटी पुढे करून म्हणाल्या.

"टॉवेलात गेलं, आजी."

"अगं बाई! टॉवेल तरी पिळा!"

"नको, आजी," सर म्हणाले. "...मी सांगतो ते ऐका, नको."

त्या दिवशी निम्मी मंडळी नाराज होऊन गेली. नव्या पत्रिका छापायला टाकताना सरांनी आपल्या नावाखालची ओळ खोडली. छापखानेवाल्याने चुकून ती तशीच ठेवली, आणि गठ्ठा घरी आला तेव्हा सर प्रत्येक पत्रिकेवर शाईने काट मारत बसले.

अंगठा हळूहळू भरून आला. सर रोज सकाळी येत. खिडकीजवळ बसून बुवांचा पाय मांडीवर घेत, उजेडात धरत. मिरजेच्या खेपा होत राहिल्या. चंद्रकोरीच्या जागी साधे, सरळ कापलेले, म्हाताऱ्या माणसाचे नख आले.

अर्जाची आठवण मात्र सर देईनात. मागायचे ते कोणत्या तोंडाने, असे त्यांना वाटे.

शेवटी एके सकाळी, टाच पाहता पाहता, खाली मान घालूनच त्यांनी विचारले.

"बुवा, माझ्या अर्जाचं..."

"हं."

"नामंजूर झाला असेल, तर तसं सांगा. माझी तक्रार नाही. हे पाय न बघता मी त्यांचं पाणी पीत होतो... कुठला गुरू घेईल असा शिष्य?"

बुवांनी पाय मांडीवरून काढून घेतला नाही.

"आणि जो पाय झाकून, ते सगळं ऐकत बसला होता... त्याला तरी कुठला गुरू घेईल?"

सर वर पाहू लागले.

"मग अर्ज, बुवा?"

"राहू दे तसाच. माझाही अजून प्रलंबित आहे."