चिंधी बांधलेला टोमॅटो

"मग ही चिंधी कुणाची?"

अच्युतने ती मोतीगीर बुवांच्या ताटाशेजारी आपटली. चिंधीच ती, आपटून आवाज काय होणार! पण मठातल्या सगळ्या पंगतीने माना वळवल्या.

बुवांनी निरखून पाहिलं. "माझी. जुन्या छाटीची आहे."

"मळ्यातल्या सगळ्यांत मोठ्या टोमॅटोला बांधली होती. तुम्ही!"

"हो. मीच."

"आणि आम्हाला रोज सांगता, माझं-माझं म्हणू नका!"

आता या अच्युतचं सांगायला हवं. काशीहून शास्त्री होऊन आलेला. हट्ट एकच, बुवांनी अनुग्रहाचा नारळ द्यावा आणि खालच्या गावात याने आपली गादी थाटावी. बुवांनी हातात दिला मळा! तीन वर्षं हा पंडित टोमॅटो तोडत होता, देठाची बाजू खाली करून गवतावर मांडत होता, उरलेले चिरून, मीठ चोळून खाटेवर वाळत घालत होता. आतून नुसता धुमसत होता. खोटं कशाला बोलू, मीही धुमसलो असतो.

त्या दिवशी खालच्या गावची दोन माणसं त्याला न्यायलाच आली होती. पंगतीत बसली होती. त्यांच्यादेखत त्याने हा वाद काढला.

"कुठाय तो टोमॅटो?" बुवांनी विचारलं.

"तुमच्या वाटीत. सार केलं. सगळ्यांना वाढलं."

बुवांनी वाटी उचलली, भुरका मारला.

"गूळ घातलास?"

"चिमूटभरही नाही."

"वा!"

एवढ्यात मळ्याला पाणी देणारी ठकूबाई तांब्या घेऊन आली. चिंधी पाहून तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई गं! बियाण्याचा तोडलास? अरे शास्त्र्या, चिंधी बांधलेल्याला कुणी हात लावतं का? तो झाडावरच ठेवायचा. पार लिबलिबीत होईस्तोवर. मग त्याचं बी राखेत घोळवून वाळवायचं. सव्वीस वर्षं राखलंय बुवांनी हे बी! हंगाम संपला, बाकीचे सगळे तुझ्या मिठात आणि चटणीत गेले. आता पेरायचं काय? माणसं मागायला येतील, त्यांना द्यायचं काय?"

कुणी घास उचलेना.

अच्युतचा चेहरा पांढरा पडला. मान मात्र खाली गेली नाही.

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तू विचारलंस?" ठकूबाई म्हणाली.

"काय विचारायचं? काशीत टोमॅटो शिकवत नाहीत!"

तो बुवांकडे वळला.

"बुवा, मी माफी मागणार नाही. शिकवण तुमची होती, मी ती पाळली. तीन वर्षं झाली. आणखी किती पिकायचं मी? नारळच द्यायचा ना? मग कुठलाही द्या! अनुग्रहाचा द्या, नाहीतर हाकलण्याचा द्या. पण आज द्या!"

त्याचे डोळे भरून आले होते, ते त्याने पुसलेही नाहीत.

बुवांनी सार संपवलं. वाटीत बोट फिरवून तळही चाटला. तांब्यातल्या पाण्याने हात धुतले. मग चिंधी उचलून झटकली.

"हात पुढे कर."

अच्युतने ओंजळ पुढे केली. नारळाएवढी.

बुवांनी त्याचं उजवं मनगट धरलं. त्यावर चिंधी गुंडाळली, गाठ मारली. ओढून पाहिली... आणखी एक मारली.

"हे काय?" अच्युत ओरडला. "बुवा, हे काय?"

बुवा खालच्या गावच्या माणसांकडे वळले.

"पाहुणे, सावकाश जेवा आणि निघा. हा बियाण्याचा आहे."