आदाम झोपायला तयार नव्हता

एक होता देव, आणि त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं. राजा नव्हता, राणी नव्हती, गोष्ट ऐकायला पोरंही नव्हती. नुसता काळोख आणि पाणी. मग देव म्हणाला, "उजेड होऊ दे." झाला! मग आभाळ आलं, जमीन वर आली, झाडं उगवली, सूर्य-चंद्र लागले. मासे आले, पाखरं आली, वाघ, गाय, मुंगी, सगळी आली. शेवटी देवानं ओली माती मळून एक माणूस केला आणि त्याच्या नाकात फुंकर घातली. तो शिंकला आणि उठून बसला. तो आदाम, बरं का.

देवानं त्याला एदेन बागेत ठेवलं आणि सांगितलं, "या सगळ्यांना नावं दे."

आदाम कामाला लागला. जोडी पुढे येई, तो नाव देई, जोडी मान डोलावून जाई. मोर-लांडोर गेली, वाघ-वाघीण गेली. दिवस कलला तेव्हा बागेत एकटा असा एकच उरला. आदाम!

त्याचं डोकंच फिरलं. "देवा, हा कुठला न्याय? शेणकिड्याला जोडीदार आहे, आणि मला नाही?"

"मग यातलाच कुणी सोबतीला घे की," देव म्हणाला.

मग आदामानं हत्तीला हाक मारली. म्हणाला, "आज काय ऊन होतं!" हत्तीनं कान हलवले. संपलं बोलणं. मग माकडाला सांगितलं, "मला फार एकटं वाटतं रे." माकड दात विचकून फांदीवर पळालं. मग आला पोपट.

"बाग मोठी आहे," आदाम म्हणाला.

"बाग मोठी आहे!"

"छे, लहान आहे."

"छे, लहान आहे!"

"अरे, कधीतरी नाही म्हण!"

"नाही म्हण!"

आदामानं कपाळावर हात मारला आणि तणतणत देवाकडे गेला. "यातलं कुणी नको. माझं चुकलं तर तोंडावर सांगेल, असं कुणीतरी दे. आत्ता दे. मी इथून हलणार नाही."

"देतो. आधी झोप."

"झोपू? आणि तू विसरलास तर? माझ्यासमोर कर. मी बघणार!"

"आदामा, मी उजेड केला तेव्हा तू बघायला होतास?"

"नाही."

"तुला केलं तेव्हा?"

"तेव्हा तर मी मातीच होतो."

"मग काही बिघडलं का?"

"बरं. पण उठल्यावर मी विचारणार!" म्हणत आदाम आडवा झाला. देवानं त्याला गाढ झोप दिली. मग हळूच त्याची एक फासळी काढली, जागा भरून टाकली, आणि त्या फासळीची बाई केली. ती हव्वा. जरासुद्धा दुखलं नाही, बरं का.

सकाळी आदामाला जाग आली तर शेजारी हव्वा बसलेली. समोर नदीत एक गलेलठ्ठ जनावर डुंबत होतं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"पाणघोडा. नाव मी दिलंय," आदाम ऐटीत म्हणाला.

"घोडा? याला? अरे, तोंड बघ जरा त्याचं! नाव देणाऱ्यानं घोडा पाहिला होता का कधी?"

आदाम उडी मारून उठला. "देवा, हीच! हीच माझ्या हाडामांसाची!"

दोघं दुपारपर्यंत त्या नावावरून भांडली, भांडता भांडता झाडाखालची अंजिरं संपवली, आणि सुखानं नांदू लागली.

चला, मिटा डोळे. "मी जागून बघणार" म्हणायचं नाही. अख्ख्या जगात पहिला आलेला माणूस शेवटी मुकाट्यानं झोपला. तुम्ही काय त्याच्याहून मोठे लागून गेलात?