पितळेची पिन

खाडीकाठच्या एका गावात दोन भाऊ राहत. दोघांत मिळून एक बोट होती आणि तिच्यावरच त्यांचं घर चाले. थोरला सुकाणू धरायचा. धाकटा इंजिन सांभाळायचा, आणि थोरल्याचा राग.

तो राग काही साधासुधा नव्हता. कुणाचं जाळं वाटेत आलं तर थोरला वळसा घालत नसे. शिव्या घालत सरळ त्यावरून बोट न्यायचा. मग संध्याकाळी धाकटा त्या जाळेवाल्याच्या दारात हजर. "दादाचं मनावर घेऊ नका," म्हणत हात जोडायचे आणि फाटलेलं जाळं शिवून द्यायचं. घरी आला की थोरला त्याच्यावरच उखडायचा, "मिळमिळीत कुठला! लोकांपुढे वाकतोस!" धाकटा राग गिळून टाकी, पण तो जिरत मात्र नसे.

बोटीचं इंजिन मध्यावर होतं आणि पंखा मागे, पाण्यात. इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत पोचायचा तो एका लांब लोखंडी शाफ्टमधून. इंजिन आणि शाफ्ट जिथे जोडलेले, त्या कपलिंगमध्ये करंगळीएवढी पितळेची पिन होती. पंखा दोरात अडकला की ती कट्कन तुटे. इंजिन मोकळंच फिरत राही. धाकटा दोर सोडवी, नवी पिन बसवी, आणि बोट पुन्हा चालू लागे.

एकदा माशांच्या ऐन हंगामात पिन तुटली. शेजारच्या बोटी हसत पुढे गेल्या. थोरल्याचं डोकंच फिरलं.

"ही पिन म्हणजे तुझंच भावंड! जरा जोर पडला की मोडली! उद्यापासून पोलादी पिन."

"दादा, पितळ मुद्दाम घातलंय. पिन मोडते म्हणून बाकीचं वाचतं."

"मला शिकवतोस? उतर बोटीवरून! मोडकी माणसंही नकोत मला."

धाकटा उतरला. संतापाने त्याचे कान तापले होते. ज्याच्यासाठी दारोदार हात जोडले, त्यानेच मोडका म्हणावं? एक वल्ह्याची होडी घेऊन तो काठाकाठाने खेकडे धरू लागला. जाळेवाल्यांच्या दारात जाणं त्याने बंद केलं.

थोरल्याने पोलादी पिन ठोकली. काही दिवस बोट झोकात चालली. मग एका दुपारी, ओहोटीच्या वेळी, त्याने सवयीने एका जाळ्यावरून बोट घातली. पंख्याभोवती दोर गुंडाळला. पंखा थांबला, इंजिन थांबेना, आणि मधली पिन काही केल्या तुटेना. शाफ्ट पिळवटला, गिअरबॉक्स फुटला. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथून पाणी आत घुसलं, आणि बोट समुद्राकडे ओढली जाऊ लागली.

जाळेवाला जवळच आपल्या बोटीवर होता. त्याने हाताची घडी घातली.

"आजवर तुझा भाऊ यायचा," तो म्हणाला. "आता कोण येणार?"

धाकट्याने काठावरून हे पाहिलं आणि जिवाच्या आकांताने वल्हं मारत आला. जाळेवाल्याने विचारलं, "आलास माफी मागायला?"

"नाही!" धाकटा गरजला. त्याचा आवाज इतका चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. "मी दोर मागायला आलोय. बोट माझीही आहे. माफी ज्याची चूक आहे तो मागेल. दादा, तोंड उघड!"

थोरला गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मध्ये पडणारं कुणी नव्हतं.

"चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला. "जाळं मी शिवून देतो."

तेव्हा कुठे दोर आला आणि बोट ओढत काठाच्या चिखलात नेली.

हंगाम हातचा गेला. बोट चिखलात पडून राहिली, आणि थोरला जाळेवाल्याच्या अंगणात बसून जाळं शिवत राहिला. पुढच्या हंगामाला नवा शाफ्ट आला, तेव्हा त्याने स्वतःच पितळेची पिन घासून बसवली.

"आता येतोस ना?" त्याने विचारलं.

"येतो," धाकटा म्हणाला. त्याचा राग अजून गेला नव्हता आणि त्याने तो लपवलाही नाही. "इंजिनाला पितळ राहू दे. पण तुझ्या भांडणातलं पितळ मी पुन्हा होणार नाही. कधीच नाही."

थोरल्याने बोट पाण्यात काढली. खाडीत पुढे एक जाळं दिसलं, तेव्हा त्याने सुकाणू वळवलं.

तात्पर्य: जो आधी मोडतो त्याला कच्चा म्हणू नका, तुमचा धक्का तो घेतो म्हणून तुम्ही शाबूत राहता, आणि तो जर माणूस असेल, तर आधी धक्के देणं थांबवा.