“हो, असंच” म्हणेपर्यंत

डोंगराच्या पायथ्याशी फार पूर्वी एक शाळा होती. तिथे चर्चसाठी पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, तयार होत. ईशज्ञान एकट्याने शिकायचं नाही, चौघांच्या गटात बसून शिकायचं, ही तिथली रीत. गटाला एक नियम होता. दुसऱ्याचं म्हणणं खोडण्याआधी ते आपल्या तोंडाने परत सांगायचं. तो “हो, असंच” म्हणाला, की मगच आपली बाजू मांडायची.

शांतवन नावाचा एक हुशार तरुण तिथे शिकत होता. हुशार माणसाला हा नियम किती जाचत असेल, याचा आपण आपला अंदाजच करायचा.

त्यात त्याला घाई होती. त्याच्या गावची मंडळी दुभंगली होती. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीतला द्राक्षारस सगळ्यांनी एका सामाईक प्याल्यातून घ्यावा, की ज्याने त्याने आपल्या छोट्या प्याल्यातून, यावरून वाद पेटला आणि प्रभुभोजनच बंद पडलं. शांतवनची आई सामाईक प्याल्याच्या बाजूची, आत्या छोट्या प्याल्यांच्या. वडील गेल्यावर याच आत्याने घर सावरलं होतं. आता दोघी विहिरीवरसुद्धा एकमेकींची वेळ चुकवून जात.

शांतवनने हाच प्रश्न गटात काढला. तो स्वतः सामाईक प्याल्याचा. गटातल्या रूथताई, तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन शिकणाऱ्या, छोट्या प्याल्यांच्या बाजूच्या.

“ताईंना खोकल्यापडशाची भीती वाटते,” शांतवनने त्यांचं म्हणणं सांगितलं.

“नाही, असं नाही.”

मग ताईंना नवं ते बरं वाटतं, असं सांगून पाहिलं. तेही नाही. तो वैतागला.

“ताई, तुमचं म्हणणं तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

“मलाही कधीकधी तीच शंका येते,” रूथताई म्हणाल्या. “पण हे नाही, एवढं नक्की.”

शांतवनने गट सोडला. हिवाळाभर तो ग्रंथालयात एकटा बसला, बायबलमधून वचनामागून वचनं जुळवली आणि गावी जाऊन उपदेश केला. कुणाला तोंड उघडायला जागा ठेवली नाही. पुढच्या रविवारी अर्धे बाक रिकामे होते. आत्या तेवढी दारापर्यंत आली.

“छान बोललास रे त्या दिवशी,” ती म्हणाली. “पण कुणाशी बोलत होतास?”

शांतवन शाळेत परतला आणि गुपचूप आपल्या जुन्या जागी बसला.

“ताई, मला काही जमलं नाही. तुम्हीच सांगा.”

रूथताईंनी सांगितलं. त्यांचा थोरला मुलगा बरेच दिवस तापाने आजारी होता, तेव्हाची गोष्ट. रविवारी सामाईक प्याला त्यांच्याकडे आला. त्या प्यायल्या. त्यांच्यानंतर कुणीच तो ओठाला लावला नाही.

शांतवन सावकाश म्हणाला, “ताईंना आजाराची भीती नाही. सगळ्यांत बसून कुणी एकटं पडू नये, म्हणून त्यांना छोटे प्याले हवेत.”

“हो, असंच.”

गटातल्या बाकी दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता आपली बाजू मांडायची पाळी शांतवनची होती. पण तो उठला तो थेट गावी, आत्याच्या ओसरीवर. पुस्तक सोबत नेलं नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं, मग परत सांगायला लागला. दोनदा चुकला. आत्याने दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अखेर ती “हो, असंच” म्हणाली.

शेंगा सोलता सोलता ती जरा थांबली.

“बरं, आता तुझ्या आईचं म्हणणं काय, ते मी सांगून बघते. पण तिला बोलाव. चुकले तर तीच सांगेल.”

पुढे प्याला सामाईक राहिला की छोटे आले, ते त्या गावालाच ठाऊक. प्रभुभोजन मात्र पुन्हा सुरू झालं.

तात्पर्य इतकंच: दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगता येईपर्यंत आपलं उत्तर तयार झालेलं नसतं, मग ते कितीही बरोबर असो.