बाहेरच्या भिंतीवरचा पाठ

“…आणि उद्या तो कुणी उचलून नेला तर, बुवा?”

भानुबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय उचलून नेला?”

“माझा अभ्यासक्रम.”

“जड आहे का फार?”

मुकुंद रांजणे हसले नाहीत. विद्यापीठात त्यांच्याशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती, पण निमसोंडच्या या मठात ते अजूनही मुकुंदाच होते. तरुणपणी काही वर्षं बुवांच्या पायाशी बसून विचार करायला शिकले, मग शहरात गेले, इतिहासाचे डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले. त्यांचा ‘पाण्याचा इतिहास’ हा विषय शिकायला दुरून मुलं येत. विषय खरोखर चांगला होता. अडचण एवढीच, की तो चांगला आहे हे रांजण्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

“विद्यापीठ म्हणतंय, प्रत्येक विषयाचा सगळा अभ्यासक्रम इंटरनेटवर टाका. कुठल्या आठवड्यात काय शिकवणार, कोणती पुस्तकं, कोणते प्रश्न… सगळं. पासवर्ड नाही, काही नाही. कुणीही यावं नि वाचावं. उद्या बैठक आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी नाही म्हणालो की प्रकरण संपलं.”

“मग म्हण की.”

“म्हणणारच आहे.”

“मग इथं कशाला आलास?”

रांजणे समोरची टरफलं गोळा करू लागले.

बुवांनी एक शेंग त्यांच्यापुढे सरकवली.

“आत्ता कसा देता तो पोरांना?”

“प्रवेश घेतल्यावर. दर आठवड्याला त्या आठवड्यापुरता. बाकीचा माझ्या कपाटात असतो.”

“आणि प्रवेशाच्या आधी कुणी विचारलं, काय शिकवणार म्हणून?”

“खिडकीवरचा कारकून सांगतो, आधी प्रवेश घ्या.”

“म्हणजे आधी अक्षता पडू द्या, मग नवरी दाखवतो.”

रांजण्यांना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं.

“बुवा, अर्धं आयुष्य घातलंय मी त्यात. किती तळी पायी हिंडलो, किती दप्तरं धुंडाळली. लोक आयतं उचलतील, वर स्वतःचं नाव घालतील.”

“कुलूप कुणासाठी आहे, मुकुंदा? चोरासाठी, का बघणाऱ्यासाठी?”

“म्हणजे?”

बुवा उत्तराच्या भानगडीत पडले नाहीत. ते उठले, खुंटीवरचं जुनं फडकं काढलं, बादलीत बुडवून पिळलं आणि शिष्याच्या हातात दिलं.

“जा. बाहेरची भिंत पुसून ये.”

रांजणे बघतच राहिले.

मठाची रीत जुनी होती. उद्या आत काय शिकवणार, ते आजच बाहेरच्या काळ्या भिंतीवर खडूनं लिहायचं. कुठला ग्रंथ, त्यातला कुठला भाग, आणि शेवटी एक प्रश्न. भिंत बाजाराच्या रस्त्याला लागून. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं, न वाचावं. आत बसणाऱ्या शिष्यांना याहून वेगळं काही आधी कळत नसे.

“पुसू?”

“आज बाजार आहे. चोरतील.”

रांजणे बाहेर आले.

भिंतीपुढे एक बाई उभी होती. काखेत शिवणाच्या कपड्यांचं गाठोडं. एकेका अक्षराखालून बोट सरकवत ती वाचत होती.

“बाई, जरा बाजूला व्हा.”

“थांबा की हो. वाचून व्हायचंय माझं.”

“मग आत या ना. बुवा समजावून सांगतील.”

“समजलंय मला,” बाई म्हणाली. “पटलेलं नाही अजून.”

रांजण्यांचा वर गेलेला हात तसाच राहिला…

हीच जागा होती. ते तेव्हा दूध घालायचे. सायकलला दोन्हीकडे कॅन, एक पाय जमिनीला टेकवलेला, आणि नजर या भिंतीवर. डेअरीत रोज उशीर व्हायचा, रोज शिव्या बसायच्या, तरी इथून पाय निघायचा नाही. एका सकाळी भिंतीवर प्रश्न होता, ‘धूर दिसला म्हणजे आग असणारच. का?’ तो वाचून मुकुंदाचं डोकं फिरलं. सायकल भिंतीला टेकवून तो वहाणांसकट आत घुसला.

‘प्रश्न चुकलाय तुमचा,’ तो म्हणाला होता. ‘चुलीत पाणी ओतलं की केवढा धूर उठतो. आग तर मेलेली असते.’

शिष्य त्याच्या अंगावर धावून आले होते. बुवा मात्र उठले, खुंटीवरचं फडकं घेतलं, बाहेर गेले आणि बाजारातल्या सगळ्या लोकांदेखत स्वतःचा प्रश्न पुसून आले.

‘आता बस,’ म्हणाले होते.

तिथून पुढचं सगळं आयुष्य झालं. या भिंतीला तेव्हा कुणी फडकं मारलं असतं, तर मुकुंद रांजणे आजही दूध घालत असते. ते बाईच्या वाटेतून बाजूला सरकले.

ते आत आले.

“पुसलंस?”

“नाही.”

“का रे?”

“एक बाई वाचतायत…”

बुवा पुन्हा शेंगा फोडायला बसले. रांजण्यांनी वाकून नमस्कार केला आणि एसटी गाठली. गाडी सुटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, ओलं फडकं हातातच राहिलंय.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळे त्यांच्या ‘नाही’ची वाट बघत होते.

“माझा सगळ्यांत आधी टाका,” रांजणे म्हणाले. “पहिल्या ओळीपासून शेवटच्या प्रश्नापर्यंत.”

“आणि कुणी चोरला तर?” एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं.

“तर बिचाऱ्याला तो शिकवावा लागेल.”

सभागृह हसलं, आणि हसता हसता ठराव मंजूर झाला. संध्याकाळपर्यंत अभ्यासक्रम जगापुढे होता. कपाटाची किल्ली रांजण्यांनी शिपायाकडे देऊन टाकली. आता त्यात डस्टर आणि खडू राहू लागले.

पुढच्या वर्षी ते मठात आले ते पेढे घेऊनच. बसायच्या आधीच बोलू लागले.

“बुवा, चोरला हो.”

“कुणी?”

“एका कॉलेजनं. जसाच्या तसा. माझं नाव तेवढं गाळलं. दिवसभर धुमसत होतो. मग नीट बघितलं, तर त्यांनी त्यात एक पुस्तक वाढवलेलं. धनगरांच्या पाणवठ्यांवरचं. माझ्यासारख्याला पत्ता नव्हता त्याचा. वाचलं, आणि झोप उडाली.”

“मग?”

“मग काय… मी ते चोरलं.”

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

रांजण्यांना थांबवत नव्हतं. एका तालुक्याच्या वाचनालयात दर रविवारी माणसं जमतात, शिक्षक नाही नि परीक्षा नाही, पण त्यांच्याच आठवड्यांप्रमाणे वाचतात. वर्गात आता जागा पुरत नाही, पोरं खिडकीत बसतात. आणि आधी वाचून येतात, त्यामुळे वाट्टेल ते विचारतात.

“आणि?” बुवांनी विचारलं. खरी गोष्ट अजून पोटातच आहे, हे त्यांना दिसत होतं.

“आणि… करुणा नावाची एक मुलगी आली. मागं तिला आमच्या कारकुनानं खिडकीवरून परत पाठवलं होतं. यंदा तिनं घरी बसून सगळा अभ्यासक्रम वाचला, मग प्रवेश घेतला. पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहिली. म्हणाली, सर, तुमचा तळ्याचा प्रश्न चुकलाय.”

“काय होता?”

“‘गावाने तळे का बांधले?’”

“बरा वाटतोय की.”

“मलाही बरा वाटायचा. ती म्हणाली, आमच्या गावचं तळं माझ्या पणज्यानं खोदलंय. त्याला तिथलं पाणी कधी भरू दिलं नाही. मग सर, खोदलं ते गाव कुठलं, नि प्यालं ते गाव कुठलं?”

बुवा पुढे सरकून बसले.

“किती वर्षं विचारत होतो मी तो प्रश्न,” रांजणे हळू म्हणाले. “पण नीट कुलपात ठेवून.”

“मग काय केलंस तू?”

“काय करणार? वर्गासमोर तो प्रश्न काढून टाकला. म्हणालो, नवा तू लिही. तिनं लिहिला. आता तो जगाला दिसतोय, बुवा. तिच्या नावासकट.”

भर वर्गात चितपट झालेला हा माणूस कुस्ती मारून आल्यासारखा बसला होता. बुवांनी पेढ्याच्या पुड्याला हात घातला आणि एक पेढा शिष्याच्याच तोंडात कोंबला.

तोंड रिकामं झाल्यावर रांजण्यांनी पिशवीतून एक घडी काढली. धुतलेली, इस्त्री केलेली.

“हे तुमचं फडकं. त्या दिवशी चुकून नेलं होतं.”

बुवांनी फडक्याकडे बघितलं. उघड्या दारातून भिंतीपुढे थांबलेल्या माणसांकडे बघितलं. मग घडी शिष्याच्या पिशवीत परत ठेवली.

“राहू दे तुझ्याकडंच. अजून पुष्कळ आठवड्यांचे प्रश्न आहेत तुझ्या अभ्यासक्रमात.”