बैलांचा वाटा

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या घरी जन्मला आणि बापामागून त्याच्या तांड्याचा प्रमुख झाला. तांडा कापड घेऊन घाट उतरे, समुद्रकाठी ते विकी आणि मीठ भरून परते. भांडवल नगरातल्या साध्या लोकांचे होते. कोणा कोष्ट्याचे, कोणा तांबटाचे, आणि पूर्णा नावाच्या विधवेने तर हातातल्या बांगड्या मोडून त्यात पैसे घातले होते.

तांडा परतला की वेशीबाहेर चादर अंथरून नफ्याच्या राशी घालत. पहिली रास कोणा माणसाची नसे. ती सर्वांत जुन्या बैलापुढे ठेवून सगळे हात जोडत. तिला बैलांचा वाटा म्हणत. त्यातून नवे बैल येत, गाड्यांचे आस आणि चाके बदलत, थकलेल्या बैलांना वैरण मिळे. काही बैल तर जू न घेता तांड्यामागे नुसते चालत, कोणी दमला तर त्याच्या जागी जोडायला.

मित्रक हा एका दिवंगत भागीदाराचा मुलगा, बोधिसत्त्वाच्या गाडीत बसूनच लहानाचा मोठा झालेला. हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ती पहिली रास पाहून तो अस्वस्थ होई. एकदा त्याने विचारलेच, "काका, वैरणीचा खर्च तर वाटेतच वजा होतो. मग हा वाटा कशाला? आणि ते मोकळे बैल फुकट का पोसायचे?"

बोधिसत्त्व म्हणाला, "या फेरीत आपण कापड विकलं, मीठ विकलं. आणखी काय विकलं?"

"काहीच नाही."

"या आपल्या शबल बैलाचा खांदा बघ. गेल्या वर्षी होता तेवढा बैल आज उरलेला नाही. जेवढा झिजला, तेवढा आपण वाटेत विकून आलो, आणि त्याचे पैसे या राशींत येऊन पडलेत. ते नफा समजून वाटले, तर आपण बैल खाल्ला असं होईल."

मित्रकाला वाटले, काका आता म्हातारे झाले, जनावरांच्या मायेत अडकले. त्याने भागीदारांना सांगितले, "माझ्याबरोबर या. मिळेल ते सगळं वाटून देईन." निम्मे लोक त्याच्याकडे गेले, पूर्णाही गेली. बोधिसत्त्वाने रागावून एक शब्द काढला नाही. गाड्या आणि बैल सारखे विभागून दिले. शबल मित्रकाच्या बाजूला गेला, तेव्हा मात्र बोधिसत्त्व म्हणाला, "चढावर याला पुढे जोडू नकोस रे."

मोकळे बैल मित्रकाने विकले आणि तेही पैसे वाटले. पहिल्याच फेरीत त्याच्या भागीदारांची ओंजळ भरली. पूर्णाने घर शाकारले, मुलीला लुगडे घेतले आणि मित्रकाला तोंडभरून आशीर्वाद दिला. त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण स्वतःसाठी त्याने कवडी जास्त घेतली नव्हती. त्याला त्या माउलीच्या चेहऱ्यावरचे हसू हवे होते, आणि फेरीमागून फेरी ते मिळत होते.

पुढे आस कुरकुरू लागले. बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या. नवे घ्यायचे तर लोकांना सांगावे लागले असते, की या वेळी कमी मिळेल. हे सांगायला त्याची जीभ रेटेना. एवढी एक फेरी होऊ दे, असे तो दर फेरीला म्हणे.

अखेर समुद्राकडे निघालेला त्याचा तांडा घाटमाथ्याच्या चढावर अडला. पुढच्या गाडीचा आस मोडला आणि शबल खाली बसला तो उठेना. मागचे बैलही धापा टाकत उभे राहिले. वाटेवर राहणारा एक व्यापारी लगेच येऊन पोचला. सगळे कापड चौथाई किमतीत उचलायला तो तयार होता. मित्रकापुढे पूर्णाच्या बांगड्या उभ्या राहिल्या. शबलाचे डोके मांडीवर घेऊन तो वाटेतच बसला.

तेवढ्यात मागून बोधिसत्त्वाचा तांडा आला. त्याच्या बरोबरचा तांबट हळूच म्हणाला, "सार्थवाह, त्या व्यापाऱ्यापेक्षा थोडं जास्त देऊन हा माल आपणच घेऊ. आपल्या लोकांचं कल्याण होईल."

"होईल खरं," बोधिसत्त्व म्हणाला. "पण हा मालही आपल्याच गावच्या लोकांचा आहे, आणि हे बैल आपल्याच गोठ्यातले. थांबण्यानं आपल्या लोकांचं जे नुकसान होईल, ते माझ्या वाट्यातून वजा कर."

मग त्याने मागून चालणारे मोकळे बैल पुढे आणवले, ज्यांना मित्रक फुकटे म्हणून हसत असे. जादा आस काढून बसवला. शबलाला पाणी पाजून रिकाम्या केलेल्या गाडीत घातले. मित्रक पाया पडू लागला, तेव्हा बोधिसत्त्वाने त्याला उठवले. "उपकार मानू नकोस. परत गेल्यावर पहिली रास बैलांपुढे ठेव आणि ती का ठेवलीस, ते लोकांना तूच सांग."

समुद्रकाठी कापड विकून परतल्यावर मित्रकाने वेशीबाहेर चादर अंथरली. पहिली रास मोठी झाली, कारण मागच्या सगळ्या फेऱ्यांची उणीव तिच्यात भरायची होती. लोकांच्या राशी चिमूटभर उरल्या. पूर्णाने आपल्या राशीकडे पाहिले.

"मग बाळा, आजवर तू मला भरभरून देत होतास, ते काय होतं?"

मित्रकाने मान खाली घातली नाही. "बैल होते, काकू. मी तुम्हाला बैल वाटत होतो, आणि नफा म्हणत होतो."

 पूर्णाने आपल्या राशीतली एक मूठ उचलली आणि लंगडत उभ्या असलेल्या शबलापुढे नेऊन ठेवली. तिच्यामागून कोष्टी उठला, आणि मग बाकीचेही उठले. शबलाच्या मानेवर पुन्हा कधी जू चढले नाही. त्याचे म्हातारपण त्या वाट्यावर सुखाने गेले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, सांगितली ती विहाराचे कोठार पाहणाऱ्या एका भिक्खूला. सुगीत आलेले तूप आणि मध त्याने सर्वांना खूश करण्यासाठी वाटून टाकले होते, आणि पावसाळ्यातल्या वर्षावासात एक वृद्ध भिक्खू आजारी पडला तेव्हा औषधाला थेंब उरला नव्हता. शेवटी एका उपासिकेने आपल्या घरचे तूप आणून दिले. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा मित्रक तू होतास. पूर्णा म्हणजे ही उपासिका. तो सार्थवाह मीच होतो. आणि शबल म्हणजे आत अंथरुणावर पडलेला तो वृद्ध भिक्खू."

ते ऐकून तो भिक्खू उठला आणि आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसला. उद्याची आठवण ठेवून आज हात आवरणे, हीही करुणाच आहे. अशा जागरूकतेलाच अप्रमाद म्हणतात.