ओली भुवई

सरकारांची कोणती भुवई फाशी देई, डावी की उजवी, हे सांगणाऱ्यालाही आता नीट आठवत नाही. बहुधा डावीच असावी. फाशीचा शब्द गादीवरून उच्चारायचा नाही, अशी त्या संस्थानाची रीत. सरकार नुसती भुवई उंचावत, आणि माणूस संपे.

एका तापात सरकारांच्या भुवया झडल्या. चार केसांचा इशारा दरबाराला दिसेना, म्हणून तानू चितारणीला बोलावणं गेलं. त्या दिवशी फाशीसाठी उभा होता तिचाच भाऊ, रखमाजी.

तानूनं काजळाच्या बारीक रेघांनी भुवया भरल्या.

"झकास! आता उचलतो," सरकार आरशात बघत म्हणाले.

"दमानं, सरकार. ओली भुवई हलली तर काजळ डोळ्यांत ओघळेल. भरदरबारात हसं होईल."

सरकार पुतळ्यासारखे बसले. "मग वाळणार कधी गं?"

"जित्या कपाळाला घाम असतो, सरकार. भुवई वाळते ती मढ्याचीच. मी दोघांच्याही रंगवल्यात."

सरकारांनी भुवई हलवलीच नाही. फाशी राहिली ती राहिलीच. रखमाजी तुरुंगात कुजला, पण जगला.

बऱ्याच वर्षांनी सरकार वारले. अखेरच्या दर्शनाआधी भुवया भरायला तानूलाच नेलं. काम संपल्यावर तिनं थोडा वेळ थांबून हळूच बोट फिरवून पाहिलं.

रंग वाळला होता.